‘तोडा आणि ब्लॉक टाका’ हा सल्ला कोणाच्या सोयीचा?

फाटकापासून पोर्चपर्यंतच्या काँक्रीटला तडा गेला की बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या दारात तीन सल्ले न बोलावता हजर होतात. शेजारी सांगतात, "सिमेंटचं पाणी ओता, बुजून जाईल." ओळखीचा गवंडी म्हणतो, "वरून दोन इंच माल मारतो, नवंकोरं दिसेल." आणि ठेकेदार उभ्या उभ्या निकाल देतो, "काका, काँक्रीट एकदा फुटलं की फुटलं. दुरुस्तीत पैसे घालू नका. तोडा आणि पेव्हर ब्लॉक टाका."

पहिले दोन सल्ले स्वस्त, म्हणून आधी ते ऐकले जातात. एकदोन पावसाळ्यांत ते फसतात. मग तिसऱ्या सल्ल्याला आयता पुरावा मिळतो: दुरुस्ती करून पाहिली, टिकली नाही.

माझा आक्षेप या पुराव्यालाच आहे. जे टिकलं नाही ती दुरुस्ती नव्हतीच, ती झाकपाक होती. भेग का पडली हे कोणी विचारलं नाही, ती दिसेनाशी कशी होईल एवढंच पाहिलं. झाकपाकीच्या अपयशाचं खापर दुरुस्तीच्या माथी फोडून घरमालकाला संपूर्ण पाडकामाकडे ढकलायचं, हा प्रकार आता इतका रुळला आहे की त्यात काही चुकतंय असंही कोणाला वाटत नाही. म्हणून त्या सल्ल्यामागची विधानं एकेक करून तपासू.

पहिलं विधान: तडा गेला म्हणजे काँक्रीट संपलं. हे काँक्रीटच्या स्वभावाशीच विसंगत आहे. काँक्रीट सुकताना आकसतं. आयएस ४५६ हे आपल्याकडचं काँक्रीटचं प्रमाण मानक, वेगळी माहिती हाती नसेल तर हे आकसणं ०.०००३ धरायला सांगतं. म्हणजे दहा मीटर लांबीला सुमारे तीन मिलिमीटर. तापमान तीस अंशांनी उतरलं की तेवढ्याच लांबीत आणखी सुमारे तीन मिलिमीटर. मे महिन्यातल्या दुपारी तापलेला पट्टा जूनच्या पहिल्या सरीत भिजतो तेव्हा हे अंशांचं गणित कागदावर राहत नाही. आकसू पाहणाऱ्या काँक्रीटला खालची जमीन, एका बाजूची कंपाउंडची भिंत आणि दुसऱ्या बाजूचं जोतं धरून ठेवतात. ताण सहन झाला नाही की ते तुटतं. कुठे तुटायचं हे आपण ठरवून दिलं नाही तर ते स्वतःच ठरवतं.

ते ठरवून देण्याची रीत जुनी आहे. काँक्रीटच्या कुठल्याही महामार्गावर ठरावीक अंतराने आडवे सांधे दिसतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रोज हजारो माणसं त्या सांध्यांवरून जातात आणि रस्त्याला तडे गेले म्हणून कोणी ओरडत नाही. सांधा म्हणजे मुद्दाम, सरळ रेषेत पाडून घेतलेली भेगच. घराच्या अंगणातही हिशेब तोच. काँक्रीटची जाडी जेवढी, तिच्या चोवीस ते तीस पट अंतरावर सांधा हवा. चार इंच जाडीला आठ ते दहा फुटांवर. तीस फूट लांब पट्ट्याला दोन-तीन काप, प्रत्येक काप जाडीच्या चौथ्या हिश्श्याइतका, म्हणजे इंचभर खोल, आणि तोही काँक्रीट ओतल्यापासून साधारण दिवसभराच्या आत. कटर मशिनचं थोड्या वेळाचं काम. पण आपल्याकडे गेटपासून पोर्चपर्यंत एकसलग पट्टा ओतला जातो, एकही काप मारला जात नाही, आणि वर्षभरात त्याला बरोबर मध्यावर आडवी भेग पडली की म्हणायचं, "काँक्रीटचा भरवसा नाही." ठेकेदारानं जो सांधा दिला नाही तो पट्ट्यानं स्वतः करून घेतला, एवढंच झालेलं असतं. अशी भेग सरळ असेल, तिच्या दोन्ही कडा एका पातळीत असतील, तर पट्ट्याचं आयुष्य संपलेलं नाही. ती नीट भरून तिला सांधा म्हणून मान्यता दिली की काम झालं.

केसासारख्या बारीक भेगांचं तर भांडवल करण्याचं कारणच नाही. हेच मानक, जिथे सळईला धोका नाही अशा सळईच्या काँक्रीटमध्येसुद्धा ०.३ मिलिमीटर रुंदीपर्यंतची भेग सर्वसाधारणपणे चालवून घेतं. अंगणातल्या बिनसळईच्या पट्ट्याला त्याहून कडक न्याय कशासाठी?

यावर उत्तर येतं, की बारीक भेगांचं सोडा, आमच्याकडे तर पोपडे सुटले आहेत, वरची पूड झाडूबरोबर निघते, खडी उघडी पडली आहे. खरं आहे, आणि ते वाईटही दिसतं. पण हा दोष काँक्रीटच्या पोटातला नसून बहुतेक वेळा वरच्या पाव-अर्ध्या इंचातला असतो, आणि तो कसा तयार होतो हे साइटवर उभं राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. माल पसरायला सोपा जावा म्हणून त्यात पाइपने पाणी सोडतात. आयएस ४५६ मधल्या एम-२० च्या ठोक मिश्रणाला पन्नास किलोच्या एका पोत्यामागे जास्तीत जास्त तीस लिटर पाणी सांगितलं आहे. पाइप हातात घेतलेला बिगारी लिटर मोजत नाही. जास्तीचं पाणी वर तरंगतं. ते टिपायला गवंडी वरून कोरडं सिमेंट भुरभुरतो आणि थापीनं घोटून गुळगुळीत करतो. संध्याकाळी ते आरशासारखं दिसतं, मालक खूश होतो. पण वरचा तो थर खालच्या काँक्रीटचा होतच नाही. त्यावर जाळीसारख्या भेगा उमटतात, मग पापुद्रे सुटतात. वर पाणी मारण्याची हयगय. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, कोरड्या आणि उष्ण हवेत किमान दहा, आणि फ्लाय अॅश असलेल्या पीपीसी सिमेंटला किमान दहा आणि शक्यतो चौदा दिवस ओल टिकवायला सांगितली आहे. बाजारात घरगुती कामाला मिळणारं सिमेंट बहुधा पीपीसीच असतं. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी आळी सुकतात, पोती उचलली जातात आणि चौथ्या दिवशी मोटार आत येते.

आता सांगा, यात काँक्रीट नावाच्या वस्तूचा अपराध कोणता? पुण्यातला जंगली महाराज रस्ता १९७६ साली डांबराचा झाला. ठेकेदारानं दहा वर्षांची हमी दिली होती आणि तो रस्ता त्याच्या कितीतरी पुढे, दशकानुदशकं खड्ड्यांविना राहिला. पुणेकर आजही त्याचं कौतुक करतात ते डांबराचं म्हणून करत नाहीत, कामाचं म्हणून करतात. चांगल्या रस्त्याचं श्रेय कामाला आणि वाईट अंगणाचा दोष मात्र मालाला, हा न्याय उलटा आहे.

दुसरं विधान गवंड्याचं: वरून दोन इंच माल मारू. ठेकेदाराच्या सल्ल्याला बळ देणारं सगळ्यात मोठं अपयश हेच असल्यामुळे ते का फसतं ते पाहायला हवं. जुन्या पट्ट्यावर तेल सांडलेलं, शेवाळ धरलेलं, पापुद्रे सुटलेले. त्यावर झाडू मारून, थोडं पाणी शिंपडून नवा माल पसरला तर तो जुन्याला चिकटत नाही. नुसता वर पडून राहतो. दोन इंचांची ती स्वतंत्र चकती मोटारीच्या चाकाखाली टिकण्याइतकी जाड नसते. वर, खालची भेग हलती असेल तर ती त्याच रेषेत नव्या थरातून डोकं वर काढतेच. ठोकून पाहिलं तर पहिल्या पावसाळ्यानंतर निम्मा भाग पोकळ वाजतो.

शिवाय दोन इंच पातळी वाढली की घराचं गणित बिघडतं. गेट घासायला लागतं. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण खड्ड्यात जातं किंवा त्यावरून माल फिरवून ते कायमचं गाडलं जातं. पोर्चची पायरी आखूड होते. सगळ्यात वाईट म्हणजे जे पाणी रस्त्याकडे वाहायचं ते भिंतीकडे वळतं, आणि पातळी डीपीसीच्या, म्हणजे भिंतीत ओल अडवणाऱ्या थराच्या, वर गेली तर ओल थेट भिंतीत चढते. मग दिवाणखान्याचा रंग फुगला की रंगाऱ्याला बोलावलं जातं आणि मूळ कारण अंगणात शांतपणे पडून राहतं. हा थर फसणं स्वाभाविक होतं. त्यावरून दुरुस्ती अशक्य असते असा निष्कर्ष निघत नाही.

तिसरं विधान: पेव्हर ब्लॉक टाका, कटकट मिटेल. पेव्हर ब्लॉकशी माझं वैर नाही. जिथे पाण्याची लाइन, गॅसची लाइन, केबल यासाठी वरचेवर खणावं लागतं तिथे ते सोयीचे आहेत. ब्लॉक काढा, काम करा, परत लावा. हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘कटकट मिटेल’ हे साफ खोटं आहे. ब्लॉक स्वतः भार पेलत नाही, तो खालच्या थराकडे देतो. खाली मुरूम-खडीचा नीट दाबलेला थर, त्यावर समतल वाळूचा थर, चारही बाजूंना पक्की कड, आणि सांध्यांत बारीक वाळू, हे सगळं असेल तरच फरशी एकसंध राहते. पन्नास मिलिमीटर जाडीचा ब्लॉक पायवाटेसाठी असतो, मोटारीसाठी किमान साठचा हवा. स्वस्त अंदाजपत्रकात पन्नासचा सरकवला जातो. कड नसेल तर ब्लॉक बाजूला सरकतात. खालचा थर दाबलेला नसेल तर चाकांच्या दोन रेषांत खोबणी पडतात. सांध्यांतून गवत उगवतं, मुंग्या वाळू वर काढतात, घुशी खालून पोखरतात. ज्या ठेकेदारानं काँक्रीटखालची भर नीट दाबली नाही, तो ब्लॉकखालची दाबेल असं समजायला आधार काय?

आणि इथेच या सल्ल्याची सगळ्यात मोठी गफलत आहे. महाराष्ट्राच्या पठारावर बऱ्याच ठिकाणी पायाखाली काळी माती आहे. तिच्यातली माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात हाताचा पंजा आत जाईल अशा भेगा आपण पाहतो, त्याच मातीवर हे बंगले उभे आहेत. घराचा पाया खोल नेतात, पण अंगणाच्या पट्ट्याला तेवढा मान कोण देतो? उन्हाळ्यात पट्ट्याच्या कडेची माती आधी सुकते, मधली ओलसर राहते. कड आधाराविना लोंबते आणि कडेला समांतर लांब भेग जाते. पावसाळ्यात हेच उलटं होतं. अशा जमिनीवरचा पट्टा फुटला तर तो फोडून ब्लॉक टाकणं म्हणजे पाण्याला खाली जायला शेकडो फटी करून देणं. माती आता आणखी उत्साहाने फुगेल आणि बसेल. काही जण ‘ब्लॉकमधून पाणी मुरतं, भूजल वाढतं’ असाही युक्तिवाद करतात. पाणी मुरवायचं असेल तर छपराच्या पाण्यासाठी जोत्यापासून लांब शोषखड्डा घ्यावा. मोटारीच्या चाकाखालची काळी माती ही पाणी मुरवण्याची जागा नव्हे.

कोकणातली गोष्ट वेगळी. तिथे जांभ्याची जमीन फुगत नाही, पण उतारावरचं पावसाचं पाणी कडेखालची भर धुऊन नेतं आणि पट्टा अधांतरी राहतो. विदर्भात उन्हाचा चटका ओलं काँक्रीट काही तासांतच सुकवतो आणि पहिल्याच दिवशी वरवरच्या भेगा पडतात. एकाच औषधाची चिठ्ठी सगळ्यांना लिहून देणारा सल्ला म्हणूनच संशयास्पद. परदेशी व्हिडिओ पाहून येणाऱ्या सल्ल्यांचंही तेच. अमेरिकेत, कॅनडात अंगणाच्या काँक्रीटचा पहिला शत्रू म्हणजे गोठणारं पाणी आणि बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ. तिथे दर काही वर्षांनी सीलर मारण्याचा आग्रह त्यासाठी असतो. सातारा किंवा लातूरला पाणी काँक्रीटच्या पोटात गोठत नाही. आपला शत्रू खालच्या मातीत आहे आणि वरच्या पन्हळीत आहे.

पन्हळीचं म्हणतोच आहे तर सांगतो. फुटलेल्या अंगणात उभं राहून आधी वर पाहावं. गच्चीचं पाणी आणणारा पाइप नेमका पट्ट्याच्या कडेला ओकतोय का? बाजूच्या हिरवळीला रोज पाणी आणि पट्ट्याची एकच बाजू ओली, असं आहे का? ड्रेनेजच्या लाइनीसाठी खणलेला चर माती लोटून तसाच बुजवला होता का? जवळ एखादं मोठं झाड आहे का, ज्याची मुळं पट्टा उचलतायत? आणि एप्रिल-मेमध्ये पाण्याचा टँकर आत येतो का? छोटी मोटार साधारण टनभराची. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसत्या पाण्याचंच वजन दहा टन. मोटारीसाठी ओतलेल्या चार इंचांवरून तो टँकर गेला आणि कोपरा तुटला तर त्याला काँक्रीटचा दोष म्हणणं हा शुद्ध कांगावा आहे. या प्रश्नांची उत्तरं न घेता केलेलं कुठलंही काम, मग ते सिमेंटचं पाणी असो, दोन इंच माल असो की चकचकीत ब्लॉक, त्याच कारणाने पुन्हा बिघडणार.

चौथा मुद्दा पाडकामाचा, ज्याचा उल्लेख अंदाजपत्रकात एका ओळीत उरकलेला असतो. तीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि चार इंच जाड पट्टा म्हणजे शंभर घनफूट काँक्रीट, वजन जवळपास पावणेसात टन. हा राडारोडा जातो कुठे? बांधकाम व पाडकाम कचरा नियमांप्रमाणे तो वेगळा ठेवून नेमलेल्या ठिकाणी पोचवायची जबाबदारी आपली आहे. प्रत्यक्षात रात्री ट्रॅक्टर येतो आणि तो नदीकाठी, नाल्यात किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या रानात रिकामा होतो. आपल्या अंगणातली एक भेग मिटवण्यासाठी नाल्याचं पात्र बुजवायचं आणि नंतर पुराच्या बातम्या वाचून महापालिकेला शिव्या द्यायच्या, हेही पुष्कळ झालं.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा. ठेकेदार खाजगीत सांगतात, "तुमचं सगळं मान्य, पण छोटी दुरुस्ती नीट करणारा माणूस आणायचा कुठून?" हा प्रश्न खोटा नाही. ठेकेदाराचा भाव चौरस फुटावर चालतो. तीनशे फूट तोडा आणि तीनशे फूट टाका, हे त्याला मोजता येतं. बारा फुटांची भेग कापा, साफ करा, सुकू द्या, दोन दिवसांनी येऊन भरा, याचा चौरस फुटाचा भाव निघत नाही. त्यासाठी एक कुशल गवंडी दोनतीनदा अर्धा-अर्धा दिवस यावा लागतो आणि अर्ध्या दिवसासाठी कोणी येत नाही. म्हणून त्याला परवडणारं काम हेच तुमच्या घरासाठी योग्य काम असं सांगितलं जातं. यात त्याला मी खलनायक ठरवत नाही. पण हे त्याच्या धंद्याचं गणित आहे, काँक्रीटचं शास्त्र नव्हे. आणि त्यात आपलाही वाटा आहे. नव्या कामाला हसतमुखाने पैसे देणारा मालक दुरुस्तीच्या मजुरीवर मात्र घासाघीस करतो. पूर्ण रोज द्या, येण्याजाण्याचे दिवस धरा, आणि माणूस मिळतो.

मग खरी दुरुस्ती म्हणजे काय? ती गूढ नाही. भारतीय रस्ते काँग्रेसनं काँक्रीटच्या रस्त्यांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढलेली आहे. महामार्गावर जे होतं ते अंगणात होत नाही असं मानायला कारण नाही.

आधी निदान. भेगेच्या दोन्ही टोकांना खुणा करून तारीख लिहावी, मधोमध रुंदी मोजून ठेवावी. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावी. भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवली आणि ती तडकली, तर भेग जिवंत आहे. हातोडीने ठोकत फिरावं; जिथे पोकळ वाजतं तिथे वरचा थर सुटलाय किंवा खाली पोकळी आहे. दोन्ही कडांवरून बोट फिरवावं. एक कड खाली गेली असेल तर खालची भर बसली आहे. बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं पाहावं. दहा फुटाला दीड-दोन इंच ढाळ घरापासून दूर असावा.

मग कारण बंद करायचं: पन्हळीचं पाणी वळवणं, कडेला मुरूम दाबून भरणं, गळकी लाइन बदलणं, टँकर फाटकाबाहेर थांबवणं.

त्यानंतर भेग. ती हलती असेल तर सिमेंट तिथे कधीच टिकणार नाही, कारण सिमेंट ताणलं जात नाही. कटरने पाव ते अर्धा इंच रुंद खाच करावी, धूळ उडवून पूर्ण कोरडी करावी, तळाशी फोमची दोरी दाबावी आणि वर पॉलियुरेथेनसारखं लवचीक सीलंट भरावं, खोली रुंदीच्या निम्मी. भेग थांबलेली असेल तर पातळ इपॉक्सी किंवा ग्राउट पुरेसं. पापुद्रे सुटलेल्या जागेत कडा कटरने चौकोनी आणि सरळ कापाव्या, कारण निमुळती पातळ कड सगळ्यात आधी उडते. छिन्नीने ठणठणीत काँक्रीट लागेपर्यंत उकरावं. आदल्या दिवशी भिजवून ठेवावं, पण भरताना वर पाणी साचलेलं नको. बाँडिंगचा हात मारून तो ओला असतानाच पॉलिमर मिसळलेला माल दाबून भरावा. वर कोरडं सिमेंट भुरभुरू देऊ नये. गोणपाट टाकून, मालाच्या पोत्यावर सांगितलेल्या मुदतीइतकी ओल राखावी आणि आठ-दहा दिवस मोटार बाहेर ठेवावी. जिथे पट्टा बसला आहे तिथे तेवढाच चौकोन कापून काढावा, खालची सैल काळी माती उपसून मुरूम थराथराने पाणी मारून धुमसाने दाबावा, आणि नवा चौकोन चारही बाजूंनी सांधा ठेवून ओतावा. तीनशेपैकी तीस-चाळीस फूट तोडावे लागणं आणि तीनशेच्या तीनशे तोडणं यांत फरक आहे.

एका ठिकाणी मात्र घरगुती शहाणपण नको. पट्ट्याखाली पाण्याची किंवा सेप्टिक टाकी असेल तर वरचं काँक्रीट म्हणजे स्लॅब आहे, त्यात सळई आहे. तिथली भेग, गंजाचे तांबूस डाग किंवा आतून सुटलेलं कव्हर दिसलं, तर त्यावरून मोटार नेणं थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरून भेग बुजवून तो थांबत नाही.

संपूर्ण पाडणं कधीच योग्य नसतं, असं मी म्हणत नाही. पट्टा जागोजाग तुकडे होऊन हलत असेल, बहुतेक भाग पोकळ वाजत असेल, जाडीच दोन-अडीच इंच भरली असेल किंवा ढाळ मुळातच घराकडे असेल, तर तोडावं आणि यावेळी खालपासून नीट करावं. मग वर काँक्रीट टाका किंवा ब्लॉक टाका. खालचा थर चांगला असेल तर दोन्ही टिकतील, वाईट असेल तर दोन्ही फुटतील. पण हा निर्णय तपासणीतून यायला हवा, ठेकेदाराच्या दरपत्रकातून नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "तोडा" म्हणालं तर त्याला एकच प्रश्न विचारा: हे फुटलं कशामुळे? ज्याला त्याचं उत्तर देता येत नाही, त्याच्या हाती ब्रेकर देऊ नका.